संमेलनाच्या मांडवात आपण कोण म्हणून जातो?



मागच्या जिल्हा बैठकीत मी साहित्य संमेलनाचा विषय काढला तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, "भाऊ, कापसाचं बोला. साहित्य-बिहित्य शहरातल्या लोकायचं काम हाय." सगळे हसले, मीही हसलो. पण नागपूरहून गावाकडे परतताना ते वाक्य डोक्यातून जाईना. बोलणारा भाऊ खोटे बोलला नव्हता. आणि तो खोटे बोलला नव्हता, हीच माझी तक्रार आहे.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ९९ वे अधिवेशन जानेवारी २०२६ मध्ये सातारला झाले. आता यायचे ते शंभरावे. ग्रंथदिंड्या निघतील, फेटे बांधले जातील, मंत्र्यांची भाषणे होतील. राज्य सरकारचे अनुदान आता लाखांत नाही, कोटींत असते. म्हणजे त्या मांडवाच्या कापडात थोडा धागा आपलाही आहे. तेव्हा शंभराव्याचा गाजावाजा सुरू होण्याआधी कोरडवाहू शेतकऱ्याने एक हिशेब मांडून ठेवायला हरकत नाही. या मांडवात आपण आजवर कोण म्हणून गेलो?

मी शेतकी शिकलेला माणूस. साहित्याचा जाणकार नाही. पण तीन संमेलने डोळ्यांनी पाहिली आणि त्यावरून माझे मत झाले ते असे : परिसंवादाचा विषय म्हणून आपण तिथे असतो, गर्दी म्हणूनही असतो. वाचक म्हणून आपल्याला कुणी धरलेले नाही. त्याहून वाईट म्हणजे आपणही स्वतःला तसे धरलेले नाही.

गोष्ट सुरू होते १८७८ सालापासून. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. सात वर्षांनी, १८८५ साली, दुसरी भरली. तिचे निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेले. जोतीराव गेले नाहीत. त्यांनी पत्र धाडले आणि ते गाजले. त्याचा मथितार्थ असा की, जे लोक सर्व माणसांना माणुसकीचे हक्क मनापासून द्यायला तयार नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसायचा नाही, आमचे आम्ही पाहू.

हे पत्र आपल्या सभांतून वक्ते आवेशाने सांगतात आणि टाळ्या घेतात. मीही घेतल्या आहेत. पण त्याच जोतीरावांची दुसरी एक गोष्ट कमी सांगितली जाते आणि मला ती जास्त मोलाची वाटते. त्या पत्राच्या दोनच वर्षे आधी, १८८३ साली, त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. पुस्तक छापून येण्याची वाट न पाहता त्यांनी ते पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकठिकाणी लोकांना वाचून दाखवले. बडोद्यात सयाजीराव महाराजांनीही ते ऐकले. 'दीनबंधु' पत्राने पहिली दोन प्रकरणे छापली आणि पुढची छापणे थांबवले. छापखान्यात पुस्तक अडले, पण ज्यांच्यासाठी लिहिले त्यांच्या कानी ते आधीच पडले होते. ज्याच्याविषयी लिहायचे त्यालाच समोर बसवायचे आणि वाचून दाखवायचे. अशा बैठकीत कुणी मध्येच "असं नाही बुवा" म्हणाला असेल, तर ते लेखकाला तिथल्या तिथे ऐकून घ्यावे लागले असेल. शेतकऱ्याच्या साहित्याची सुरुवात ही अशी, मांडव नसलेल्या संमेलनात झाली.

आपल्या विदर्भाला मांडव मात्र नवे नाहीत. विदर्भ साहित्य संघ १९२३ साली अमरावतीत निघाला, पुढे त्याचे ठाणे नागपूरला आले. अखिल भारतीय संमेलन नागपुरात १९३३ ला भरले, वर्ध्याला १९६९ ला, यवतमाळला १९७३ ला, अकोल्याला १९८१ ला, अमरावतीला १९८९ ला. मग २००७ ला पुन्हा नागपूर, २०१२ ला चंद्रपूर, २०१९ ला पुन्हा यवतमाळ आणि २०२३ ला पुन्हा वर्धा. नकाशावर ही गावे जोडत गेलात तर रेघ बहुतेक पऱ्हाटीच्या वावरांतूनच जाते. संमेलन आपल्याकडे आले नाही असे कुणी म्हणू नये. ते आले, दर खेपेस तीन दिवस राहिले आणि गेले.

२००७ च्या संमेलनाच्या वेळी मी नागपूरच्या कृषी महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहत होतो. अध्यक्ष अरुण साधू होते. साल ध्यानात घ्या. आदल्या वर्षी १ जुलैला पंतप्रधान मनमोहनसिंग नागपूरला येऊन सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर करून गेले होते. वर्तमानपत्रात आत्महत्यांचा आकडा हवामानाच्या रकान्यासारखा रोज येत होता. मी मांडवात थोडा वेळ बसलो आणि मग ग्रंथप्रदर्शनात शिरलो. तिथे सदानंद देशमुखांचे 'बारोमास' हाती लागले. २००४ सालचा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले पुस्तक, लिहिणारा आपल्या बुलढाणा जिल्ह्यातला. खाणावळीचे पैसे त्यात गेले. दोन रात्रींत वाचून काढले. आमच्या कीटकशास्त्राच्या पुस्तकात बोंडअळीच्या अंडी, अळी, कोष आणि पतंग अशा चार अवस्था दिल्या होत्या. त्या अळीने खाल्लेल्या घराच्या अवस्था मला या पुस्तकात सापडल्या : शिकून घरी बसलेला मुलगा, कर्जाचा कागद, नवराबायकोतला अबोला.

पुस्तक घरी नेले. बाबा चौथी शिकलेले, अक्षर लावून वाचता येई. त्यांनी ते हातात घेतले, मागून पुढून पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "केवढ्याचं?" मी सांगितले. त्यांनी ते परत माझ्या हातात दिले. त्यांचा हिशेब मला तेव्हा खटकला. आज खटकत नाही. आज चारशे रुपयांची कादंबरी म्हणजे लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा ८,११० रुपये हमीभाव खरोखर हाती पडला तर पाच किलो कापूस. वेचणाऱ्या बाईच्या हिशेबाने, दहा रुपये किलोने, चाळीस किलोची वेचणी. म्हणजे दिवसभर, कधी दोन दिवस, कमरेला ओटी बांधून वाकायचे. तिने पुस्तक विकत घ्यावे असे सांगायला संमेलनाच्या व्यासपीठावर कुणी उभे राहत असेल तर त्याने आधी एक पाट वेचून दाखवावी.

मग आपल्यापर्यंत छापील मराठी पोचते तरी कोणती? हा प्रश्न माझ्या धंद्यातला आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. बँकेची नोटीस पोचते. पीकविम्याचा फॉर्म पोचतो. बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर पोचतो. आणि कीटकनाशकाच्या खोक्यातले घडी घातलेले माहितीपत्रक पोचते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसे गेली, शेकडो दवाखान्यात पडली. पऱ्हाटी डोक्याबरोबर वाढलेली, उकाडा, दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली, तोंडाला फार तर दुपट्टा. कारणे पुष्कळ होती आणि सगळा दोष वाचण्या-न वाचण्याचा नव्हता. असे म्हणणे म्हणजे मेलेल्यावर खापर फोडणे होईल. पण त्या दिवसांत मी गावोगाव ती पत्रके गोळा केली होती. नियमाप्रमाणे त्यांत मराठीही असते. अक्षर मुंगीएवढे, भिंग लावून वाचले तर वाक्य संपेस्तोवर कर्ता कोण आणि क्रियापद कुठले याचा पत्ता लागत नाही. इंग्रजीवरून ओढून आणलेली, एकाही फवारणाऱ्याला कधी वाचून न दाखवलेली ती मराठी. बाटलीवरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष, हे मला पदवीला शिकवले होते. ज्याच्या पाठीवर पंप असतो त्याला कुणी शिकवले होते?

यात साहित्य कुठे आले, असे कुणी विचारेल. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पुढच्या फेब्रुवारीत दिल्लीत संमेलन झाले आणि पंतप्रधानांनी उद्घाटन केले. आनंद आहे, मलाही झाला. पण भाषेचा सन्मान आणि भाषेचे काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संमेलन दरवर्षी मराठीच्या भवितव्याची काळजी करते. त्या काळजीत विषाच्या खोक्यातली मराठी येत नाही आणि सातबाऱ्याची मराठी येत नाही, कारण ती वाचणारा माणूस वाचक म्हणून त्यांच्या यादीतच नाही.

त्याच यवतमाळात, त्या फवारणीनंतर सव्वा वर्षाने, जानेवारी २०१९ मध्ये ९२ वे संमेलन भरले. अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना बोलावले होते. मग विरोधाच्या धमक्या आल्या आणि आयोजकांनी निमंत्रण मागे घेतले. महाराष्ट्रभर गदारोळ झाला, पुष्कळ लेखकांनी यायचे नाकारले, महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. उद्घाटकाची खुर्ची रिकामी पडली आणि त्या खुर्चीवर राजूरच्या वैशाली येडे यांना बसवण्यात आले. नवऱ्याने आत्महत्या केल्यावर दोन लेकरे घेऊन शेत आणि घर ओढणारी ही बाई. 'तेरवं' या नाटकात काम करून ती आधीच रंगमंचावर उभी राहिलेली होती. त्या दिवशी ती न डगमगता बोलली. मांडवात मी मागे उभा होतो. माझ्या शेजारच्या बाया डोळे पुसत होत्या आणि पुढच्या रांगा टाळ्या देत होत्या.

वैशालीताईंबद्दल माझ्या मनात आदरच आहे. त्यांनी खुर्ची शोभवली. माझा प्रश्न बसवणाऱ्यांना आहे. शेतकऱ्याची विधवा तुम्हाला कधी आठवली? पाहुणीचे निमंत्रण रद्द झाल्यावर. आठवली ती तरी कोण म्हणून? दुःखाची साक्षीदार म्हणून. बाई, तुम्ही काय वाचता, तुमच्याविषयी आजवर जे लिहिले गेले त्यातले खरे किती आणि खोटे किती, हे तिला विचारायला एखादे सत्र ठेवले असते तर मराठी लेखकांना तीन दिवस पुरले नसते. आपल्यातही काही जणांना वाटले की शेतकऱ्याला मान मिळाला. मला तो मान लग्नात ऐनवेळी न आलेल्या पाहुण्याच्या पानावर कुणालाही बसवावे तसा वाटला. जेवण तेच, पण पान आपल्या नावाचे मांडलेले नव्हते.

आता वर्ध्याची गोष्ट. ती सांगायची म्हणूनच हा लेख लिहायला घेतला.

फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्याला ९६ वे संमेलन भरले. विदर्भ साहित्य संघाचे ते शताब्दी वर्ष. अध्यक्ष न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर. (पहिल्या ग्रंथकार सभेचे अध्यक्षही न्यायमूर्ती रानडेच. मराठी लेखकांना न्यायाधीशांचा मोठा आधार वाटतो, असे दिसते.) मुख्यमंत्र्यांच्या भाषणात विदर्भवाद्यांनी घोषणा दिल्या. त्याच दिवसांत, त्याच गावात, विद्रोही साहित्य संमेलनाचा दुसरा मांडव होता. तिथले अध्यक्ष चंद्रकांत वानखडे, शेतकऱ्यांच्या प्रश्नावर आयुष्यभर लिहिणारे आपल्या ओळखीचे माणूस. आमच्या गावातून आम्ही नऊ जण गाडी करून गेलो. उलंगवाडी झाली होती, तूर घरात आली होती, मोकळे दिवस होते. दोन्ही मांडव पाहून आलो. एकीकडे सतरंज्या जास्त होत्या, दुसरीकडे घोषणा जास्त होत्या. माझे मन दुसरीकडे जास्त रमले, हे लपवत नाही.

आमच्यात एक काका होते. सत्तरीचे, सहा एकर कोरडवाहू. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी वाचतात. आवाज अजून खणखणीत आहे. ते कोणत्याच मांडवात फार बसले नाहीत. पुस्तकांच्या दुकानांत दोन तास फिरत होते. एका दुकानात विक्रेता पोरगा त्यांना म्हणाला, "बाबा, धार्मिक पुस्तकं त्या टोकाला आहेत." काका म्हणाले, "धार्मिक माह्याजवळ लय हायेत. आपल्या इकडल्या बोलीतलं काई हाय का?" पोराला सांगता येईना. मी उद्धव शेळक्यांची 'धग' काढून दिली. १९६० सालची कादंबरी, लिहिणारा हिंगणघाटात जन्मलेला, माणसांच्या तोंडी अस्सल वऱ्हाडी. काकांनी उभ्या उभ्या दोन पाने वाचली, कमरेची पिशवी काढली आणि पैसे मोजले. आम्हा नऊ जणांत पुस्तक विकत घेणारे ते एकटे. मीसुद्धा त्या दिवशी काही घेतले नव्हते.

आठ दिवसांनी गावात गेलो तर देवळाच्या पारावर रात्री गर्दी. मला वाटले भजन आहे. काका 'धग' वाचत होते. पोथीच्या चालीवर नव्हे, पण पोथीच्या सावकाशीने. एक वाचतो आणि वीस ऐकतात, ही रीत आपल्या गावाला कुणी शिकवावी लागत नाही. ग्रामगीता अशीच वाचली गेली. पहिल्या रात्री सात माणसे होती म्हणे. पुढे बाया येऊ लागल्या तेव्हा पार पुरेना. शिंप्याच्या घरातली कौतिक, तिचा नवरा, तिची पोरे, यांच्यावरून भांडणे होऊ लागली. कुणी नवऱ्याची बाजू घेई. कुणी म्हणे, हे बाई तं आपल्याच गावातली दिसते. गुढीपाडवा आला, सालदारांची साले पलटली, तरी वाचन चालूच होते. अक्षय तृतीयेच्या आत पुस्तक संपले.

शेवटच्या रात्री सगळे गप्प होते. मग एक बाई बोलली. वेचणीला, निंदणीला जाणारी, सही करण्यापुरते शिकलेली. म्हणाली, "लिवणाऱ्यानं कौतिकले एकडाव तरी बसू द्याले पाह्यजे होतं."

मी गेली वीस वर्षे वर्तमानपत्रांतली पुस्तक-परीक्षणे वाचतो. इतके नेमके वाक्य थोडेच वाचले असेल. त्या बाईने कादंबरीतली दमणूक ओळखली होती, लेखकाचा हात कुठे कठोर झाला तेही ओळखले होते. उद्धव शेळके १९९२ साली गेले. तिचे म्हणणे त्यांना कळवायची सोय उरली नाही. पण हयात लेखक पुष्कळ आहेत. त्यांना अशी बाई कुठे भेटते? संमेलनात वाचक-लेखक संवाद म्हणून जे होते त्यात वाचक चिठ्ठीवर प्रश्न लिहितो आणि सूत्रसंचालक त्यातल्या दोन निवडतो.

शेतकरी वाचत नाही, हे म्हणूनच मला मान्य नाही. पानटपरीवरचे एक वर्तमानपत्र संध्याकाळपर्यंत वीस हातांतून जाते. आता मोबाईल आला तर पोरे दिवसभर वाचतातच. औषध कंपन्यांनी ते ओळखले आणि जाहिराती तिथे नेल्या. आणि साहित्याला वाचता येणे लागतेच असेही नाही. आपल्या शेजारच्या खानदेशात बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि जात्यावर त्यांनी जे रचले ते मुलाने उतरवून ठेवले आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, छापले गेले. त्या हयात असताना एखाद्या संमेलनाच्या मांडवात गेल्या असत्या तर त्यांना कोणत्या रांगेत बसवले असते, याचा विचार करून पाहावा.

तेव्हा शंभराव्या संमेलनाकडे मागायचे काय? माझे मत विचाराल तर शेतकरी आत्महत्येवर परिसंवाद मागू नका. पुष्कळ झाले. व्यासपीठावर शेतकऱ्याचा सत्कार मागू नका. शाल आपल्याला दुपारच्या उन्हात नको असते. मागायचे ते हे की, ज्या जिल्ह्यात संमेलन भरेल तिथल्या खेड्यांत महिनाभर आधी लेखकांनी यावे. भाषण द्यायला नव्हे, आपले लिखाण वाचून दाखवायला, आणि जमले तर न छापलेले. पारावर बसावे, ऐकणाऱ्याने टोकले तर ऐकून घ्यावे. यात नवे काही नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी जोडलेले 'लीळाचरित्र', मराठीतला आद्य गद्यग्रंथ, म्हाइंभटांनी तेराव्या शतकात माणसांना आठवणी विचारत हिंडून उभे केले. मांडवाच्या खर्चातला थोडा भाग या हिंडण्यावर गेला तर कमानी दोन कमी होतील, इतकेच.

दुसरे, पुस्तकांची दुकाने संमेलनाच्या तीन दिवसांपुरती जिल्ह्याच्या गावात का? कापसाच्या हंगामात हिंगणघाट, वणी, अकोट इथल्या बाजार समित्यांत गाड्यांची रांग लागते. माणूस रात्रभर बंडीवर नाहीतर ट्रॅक्टरवर काट्याची वाट पाहत बसलेला असतो. एरवी त्याच्या हाती वेळ नसतो, तिथे वेळच वेळ असतो. आणि चुकारा रोखीत झाला तर खिशात चार पैसेही असतात. त्या आवारात बियाण्याचे, औषधाचे, ट्रॅक्टरचे स्टॉल लागतात. पुस्तकाचा एकही मी पाहिलेला नाही.

तिसरे मागणे माहितीपत्रकांच्या मराठीचे. संमेलन दरसाल ठराव करते. एक ठराव असा करावा की विषाच्या खोक्यातले, पीकविम्याचे आणि कर्जाचे मराठी कागद छापण्याआधी दहा शेतकऱ्यांना वाचून दाखवल्याशिवाय छापू नयेत. आणि हे काम करायला लेखकांनी आपली नावे द्यावीत. यात कीर्ती नाही, मानधनही थोडे. पण पत्रकातले एखादे सरळ वाक्य एखाद्या घरचा माणूस वाचवून जाईल.

आता आपल्या घरातले. दुसऱ्याला बोल लावताना आपली ओटी झाडून दाखवावी लागते. आपली चळवळ इतकी वर्षे चालली. किती तालुक्यांत आपण वाचनाची बैठक बसवली? आपल्या सभेला ट्रॅक्टर भरून माणसे येतात, चार भाषणे ऐकतात आणि जातात. टोकायची सोय आपल्याही मांडवात नसते. हे पत्रकच घ्या. बैठकीत वाटले जाते आणि परतीच्या एसटीत त्यात भाकर बांधली जाते. (भाकर बांधायला कामी आले तेही वाईट नाही, पण आधी वाचावे.) गावातल्या ड वर्गाच्या ग्रंथालयाला कुलूप असते आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो पुष्कळदा आपलाच कार्यकर्ता असतो. २०१५ साली वर्ध्यात शेतकरी साहित्य संमेलन सुरू झाले, पुढल्या वर्षी ते नागपुरात भरले. हे धाडस मोठे आणि मी त्याचे मोल जाणतो. पण आपला मांडव वेगळा टाकला म्हणजे आपला वाचक तयार झाला असे होत नाही. मांडव आपला आणि बिल्ले, हार, स्वागतगीत मात्र त्यांच्यासारखेच, असे झाले तर जोतीरावांच्या पत्राला आपण उलट्या टपालाने परत धाडल्यासारखे होईल.

मागच्या रांगेतून बोललेल्या त्या भावाला माझे सांगणे एवढेच : कापसाचे बोलूच. हमीभावाचे, आयातीचे, बोंडअळीचे, सगळे बोलू. पण कापसाचे बोलणे आजवर आपल्यासाठी दुसऱ्यांनी लिहिले. ते कसे लिहिले हे आपण वाचून पाहिले नाही, म्हणून त्यांना कुणी टोकले नाही.

आमच्या गावच्या काकांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. मध्ये काही महिने वाचन बंद होते. आता पुन्हा सुरू आहे, यंदा 'बारोमास' घेतले आहे. प्रत माझीच, २००७ ची, पाने पिवळी पडलेली. अर्धे वाचून झाले. एकनाथाने शेती सोडावी की धरावी यावर पारावर दोन तट पडलेत, आणि पोळ्याच्या आत पुस्तक संपवायचे असल्याने रोज रात्री जेवणे लवकर उरकली जातात. ज्यांना ऐकायला यायचे असेल त्यांनी बैठकीनंतर मला भेटावे. सोबत बसायला पोते आणावे. पार लहान आहे.